काह्याचा सर्वे हाय, भौ?

बुलढाणा जिल्ह्यात पायी चालायची काही मंजूर कारणं आहेत. शेगावची वारी हे पहिलं. सैलानीची यात्रा हे दुसरं. एस.टी. चुकली हे तिसरं, आणि डॉक्टरांनी साखरेसाठी सांगितलं, हे अलीकडंच मंजूर झालेलं चौथं. या चारांत न बसणारा माणूस सकाळी सातला पांदणीनं एकटा चालताना दिसला, की गावाला त्याची काळजी वाटायला लागते. काळजीची पहिली खूण म्हणजे शेजारी येऊन थांबलेली मोटारसायकल.

"बसा मांगं."

"नको, चालतोय."

"गाडी बंद पडली काय?"

"नाही, गाडी घरी आहे."

"मंग पेट्रोल सरलं?"

"पेट्रोल आहे. असाच फिरतोय."

'असाच' या उत्तराला आपल्याकडं काही किंमत नाही. मोटारसायकलवाला एकदा तुमच्याकडं, एकदा आभाळाकडं बघतो, याचं घरी काहीतरी बिनसलेलं दिसतं असा निकाल मनातल्या मनात देतो आणि निघून जातो. तो निकाल तुमच्याआधी पुढच्या गावच्या पारावर पोचलेला असतो. तुम्ही तिथं पोचलात की लोक नेहमीपेक्षा मऊ आवाजात बोलतात आणि चहा पाजतात.

गळ्यात कॅमेरा असला तर मात्र प्रकरण एकदम वरच्या पातळीवर जातं. घरी बिनसलेला माणूस क्षणात सरकारी होतो.

पण त्याआधी मुहूर्ताचं बोलायला हवं, कारण हा उद्योग वर्षभर चालणारा नाही. पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख हा वसंत ऋतू. ज्यानं कुणी हे ठरवलं तो चैत्रात मलकापूरच्या स्टँडवर उतरलेला नसावा. गुढी उभारेपर्यंत पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीला भेगा पडायला लागतात आणि सकाळी नऊनंतर सावली हीच एकमेव बघण्यालायक गोष्ट उरते. पंचांगकर्त्यांनाही मनातून हे ठाऊक असणार, म्हणून त्यांनी वसंत पंचमी माघात, म्हणजे चक्क शिशिरात घातली आहे. ऋतू सुरू व्हायच्या जवळजवळ दोन महिने आधी त्याची पंचमी! आम्हा बुलढाणेकरांना वसंत असा उचल म्हणूनच मिळतो आणि ती उचल फाल्गुनात संपलेली असते. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते म्हणतात. तिच्या जाण्याच्या आगेमागे जे दोन-चार आठवडे मिळतात, तेवढाच आपला वसंत.

त्यातही आमच्याकडं वसंत दोन आहेत. एक घाटाखालचा आणि एक घाटावरचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेनं जिल्ह्याचे असे दोन मजले केले आहेत. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा तळमजला; बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हा वरचा. खालच्या मजल्यावर माघ संपता संपता स्वेटर पेटीत जातात, तेव्हा दोन हजार फुटांहून उंच असलेल्या बुलढाण्यात मफलर अजून कानावर असतो. पहाटे घाटाखालून निघून राजूर घाट चढणारा फोटोवाला अर्ध्या रस्त्यात अंगावरचं काढतो आणि माथ्यावर पोचल्यावर जास्तीचं घेऊन घालतो. घाटावरच्यांना वाटतं, खालच्यांना हवा नाही. खालच्यांना वाटतं, वरच्यांना जमीन नाही. फोटोवाल्याला दोन्हीकडं रेंज नाही.

आता सरकारी होण्याचं. काळा पट्टा, बारा खिशांचं जाकीट, डोक्यावर वाटोळी टोपी आणि खांद्यावर तीन पायांचा ट्रायपॉड, असा माणूस वावराच्या धुऱ्यावर उभा राहिला की पहिला प्रश्न ठरलेला: "काह्याचा सर्वे हाय, भौ?"

हा प्रश्न भाबडा नाही. त्याच्यामागं अनुभव आहे. तीन पायांचं काहीही वावरात उभं राहिलं की पुढंमागं त्या वावराचं काहीतरी होतं, हे जिल्ह्यानं पाहिलेलं आहे. मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग लोणार, मेहकर, सिंदखेड राजा या भागातून गेला, तेव्हाही सुरुवातीला अशीच दोन-चार माणसं अशीच टोपी घालून आली होती. त्यामुळं ट्रायपॉड बघून काही चेहरे उतरतात आणि काही उजळतात. उतरलेला चेहरा विचारतो, "आमचं वावर जाते काय?" उजळलेला चेहरा जरा बाजूला घेऊन हळूच म्हणतो, "लाइन थोडी इकडून घेता आली तं पाहा ना साहेब. खडकाळ हाय, तसंही काही पिकत नाही."

त्याहून मोठा प्रश्न रेल्वेचा. खामगाव-जालना रेल्वेची मागणी इंग्रजांच्या अमदानीपासूनची. या मार्गाची पाहणी अनेकदा झाली, गाडी मात्र अजून एकदाही आलेली नाही. चिखलीच्या बाजूला एखादा म्हातारा तुमच्या ट्रायपॉडकडं बराच वेळ बघतो आणि म्हणतो, "माह्या आज्याच्या वेळेसबी असेच आले होते." त्या एका वाक्यात आशा किती आणि टोमणा किती, याचं मोजमाप अजून कुणाला जमलेलं नाही. आपण घाईघाईनं सांगायला जातो, "नाही बाबा, मी रेल्वेचा नाही." तो म्हणतो, "तेबी असंच म्हणत होते."

प्रकटदिनाच्या आठवड्यात हा त्रास कमी असतो. माघ वद्य सप्तमीला, २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, गजानन महाराज शेगावात प्रकट झाले. दरवर्षी त्या तिथीच्या सुमारास जिल्ह्यातला प्रत्येक रस्ता शेगावला जातो आणि प्रत्येक रस्त्यावर दिंडी असते. तेव्हा पायी चालणारा आपोआप भक्त ठरतो. त्याला थांबवून केळी देतात, उपमा देतात, पाय दाबून द्यायलाही कुणी तयार असतं. कॅमेरा पिशवीत असेल तोवर तुम्ही वारकरी. पिशवीतून बाहेर काढला की पत्रकार, आणि मग सत्कार राहतो बाजूला, उलटतपासणी सुरू होते: "कोन्या पेपरात येईन? कोन्या पानावर? आमचं नाव टाकसान ना?"

फोटोवाल्याची ही अशी चौकशी आजची नसावी. आपल्या या भागात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या सुरुवातीच्या माणसांपैकी एक म्हणजे रॉबर्ट गिल. मद्रास फौजेतला हा अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या भिंतींवरल्या चित्रांच्या नकला करत बसला. त्यांतल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ च्या डिसेंबरात लागलेल्या आगीत जळाल्या. पण तोवर गिलसाहेबानं कॅमेराही हाती घेतला होता आणि दोन डोळ्यांनी बघायचे जोडफोटो काढत तो आसपासच्या मुलखात फिरत होता. १८६४ साली लंडनला छापलेल्या त्याच्या पुस्तकात लोणारची देवळंसुद्धा आहेत.

त्या काळची रीत ओल्या काचेची. काचेवर रसायन ओतायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली आहे तोवर कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि ती वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत जाऊन धुऊन काढायची. म्हणजे एका फोटोसाठी तंबू, बाटल्या, काचा, पाणी आणि हे सगळं वाहणारी बैलगाडी. एवढा लवाजमा लोणारच्या वेशीत शिरलेला बघून तिथल्या पाटलानं काय विचारलं असेल, ते सांगायला इतिहासाची गरज नाही. साहेबाकडं निदान उत्तर तरी होतं: सरकारी काम, आणि उरलेल्या वेळात शिकार. आमच्याजवळ तेही नाही. आमचा कॅमेरा एका सकाळी एवढे फोटो घेतो की गिलला तेवढ्यासाठी काचेचा कारखाना काढावा लागला असता, आणि ते कुणी मागितलेले नसतात.

हा 'मागण्या'चा मुद्दा मला बोथ्याच्या बाजूला एका काकांनी शिकवला. मी पळसाचे फोटो घेत होतो. फाल्गुनात बुलढाण्याहून खामगावकडं उतरणाऱ्या बोथा घाटात पळस असा पेटलेला असतो की वाहनं आपोआप हळू होतात. काका शेळ्या घेऊन आले, थांबले, कॅमेरा कुठं रोखलाय ते पाहिलं, मग झाडाकडं पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडं.

"काह्याचे फोटो काढून रायले?"

"पळसाचे."

"पळसाचे?" त्यांनी झाड पुन्हा एकदा नीट पाहून घेतलं, न जाणो काही नजरेतून सुटलं असेल. "अन् कोनं मांगतले?"

या प्रश्नाला छायाचित्रणाच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही. छिद्र किती उघडायचं, पडदा किती वेगानं पाडायचा, हे सगळं लिहिलेलं असतं. कोणी मागितलं, हे कुणीच लिहीत नाही.

पळसाचं एक बरं असतं, तो कुणी मागायची वाट बघत नाही. कुठंही गेलं तरी पळसाला पानं तीनच, असं आपण म्हणतो. पण फुलोऱ्यात तो तीही टाकून देतो. पानं नसल्यामुळं फोटोवाल्याची मोठी सोय होते, कारण निळं आभाळ आणि केशरी फुलं एवढ्यावर भागतं. म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक फोटोवाल्याजवळ हाच फोटो आहे. फक्त फांदी वेगळी. फुलांत मध भरपूर, त्यामुळं साळुंक्या, शिंजीर, कावळे, माकडं, सगळ्यांची पंगत बसलेली असते. मध्य आशिया आणि पूर्व युरोपाकडून हिवाळ्यापुरती येणारी भोरडी तर पळसावर अशी तुटून पडते की तिला पळसमैनाच म्हणतात. गुलाबी अंग, काळं डोकं, आणि सदानकदा भांडण. ज्वारीवर उतरली की शेतकरी गोफण शोधतो, पळसावर उतरली की फोटोवाला लांबची लेन्स शोधतो. शेतकऱ्याला गोफण सापडते. फोटोवाल्याची लेन्स बसेस्तोवर थवा मेहकरच्या दिशेनं गेलेला असतो.

काकांना पळस ठाऊक नव्हता असं नाही. त्यांना तो माझ्यापेक्षा दहापट ठाऊक होता. पानांच्या पत्रावळी नि द्रोण, मुळांच्या सालीचे दोर, फुलं उकळून रंगपंचमीचा रंग, हे सगळं त्यांनी शेळ्या हाकता हाकता सांगितलं. शेगावात महाराज पहिल्यांदा लोकांना दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरचं अन्न वेचताना, हेही सांगितलं. एवढ्या कामाच्या झाडाचा नुसता फोटो घेऊन जाणारा माणूस त्यांना अर्धवट वाटला, यात त्यांची चूक नाही.

खरी पंचाईत पुढं आहे. फोटोवाला ज्याला 'काय लाइट आहे!' म्हणतो, त्याला शेतकरी 'काय नुकसान आहे!' म्हणतो, आणि दोघंही एकाच वेळी, एकाच दिशेला बघत असतात.

माघातलं धुकं घ्या. पहाटे नळगंगेच्या काठानं धुकं पसरलं, त्यातून सूर्याची तिरपी किरणं आली, आंब्याची राई अर्धी दिसली अर्धी झाकली गेली, की फोटोवाला आनंदानं वेडा होतो. त्याच वेळी आंबेवाला वेडा होतो तो दुःखानं. असं धुकं दोन दिवस राहिलं तर मोहोर काळा पडतो, तुडतुडे येतात, भुरी येते. मग ढग. फेब्रुवारीच्या निळ्या आभाळात एखादा तरी ढग असावा, फोटोला 'भरीवपणा' येतो, असं आम्ही म्हणतो. ढगाळ हवेत हरभऱ्यावर घाटेअळी वाढते, असं शेतकरी म्हणतो. काळेकभिन्न ढग, खाली सोनेरी गहू आणि मध्ये उन्हाची एकच तिरीप, हा तर स्पर्धेत पाठवायचा फोटो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रावर जी गारपीट झाली ती ज्यांच्या वावरात पडली, त्यांना तो फोटो दाखवून बघा. 'भरीवपणा' हा शब्द तुम्ही पुन्हा वापरणार नाही.

बरं, कुंपणं. घाटावर काय नि घाटाखाली काय, फाल्गुनात बऱ्याच वावरांना चारी बाजूंनी जुन्या साड्या बांधलेल्या असतात. हिरवी, जांभळी, पिवळी, फुलाफुलांची. वारा आला की सगळं वावर फडफडतं. फोटोवाले हे बघून थांबतात, गुडघ्यावर बसतात, आणि फोटोला 'रंगोत्सव' असं नाव देतात. तो उत्सव नाही, बंदोबस्त आहे. रात्री रोही आणि रानडुकरं येतात, त्यांना आत माणसं असल्याचा भास व्हावा म्हणून घरच्या बाईनं आपली पेटी रिकामी केलेली असते. जनावरांना पहिले आठ दिवस भास होतो, नंतर तीही सरावतात. भास कायमचा होतो तो फक्त फोटोवाल्यांना.

रोही म्हणजे पुस्तकातली नीलगाय. मावळतीच्या लाल गोळ्यापुढं सात-आठ रोह्यांची काळी रांग, हे प्रत्येक फोटोवाल्याचं स्वप्न. ही रांग मला एकदा मिळाली. धुऱ्यावरच्या भाऊंना मोठ्या उत्साहानं पडद्यावर दाखवली. त्यांनी फोटो मोठा केला, पुन्हा मोठा केला, आणि म्हणाले, "मागं हरभरा दिसते. आमचाच हाय." मग थोडं थांबून, "याच्यावर तारीख येते का?" जंगली जनावरांनी पीक खाल्लं तर भरपाई मागता येते, त्याला पंचनामा लागतो, आणि पंचनाम्याला आरोपींचा घटनास्थळावरला फोटो मिळाला तर दुधात साखर. माझ्या त्या सगळ्या सूर्यास्तात मागितलेला असा तो पहिला फोटो. कलेच्या दृष्टीनं त्यात एकच उणीव होती, ती भाऊंनी सांगितली: "तोंडं साफ नाही आली."

जंगलात तरी निष्कारण फिरता येतं का? ज्ञानगंगा अभयारण्य बुलढाणा आणि खामगावच्या मध्ये पसरलेलं, अस्वलांसाठी नावाजलेलं. मोहाची फुलं गळायला लागतात त्या दिवसांत अस्वल तंद्रीत असतं, आणि तंद्रीतल्या अस्वलाला अचानक माणूस दिसलेला आवडत नाही. त्यामुळं अभयारण्यात पायी भटकायचं नसतं. वनखात्याच्या परवानगीनं, ठरलेल्या वाटेनं, वाहनातून जायचं असतं. मोह वेचायला गेलेल्या माणसांवर अस्वलाचा हल्ला झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्या माणसांना निदान मोह मिळत होता.

निष्कारण पायी चालण्याचा या जिल्ह्यातला विक्रम मात्र एका वाघाच्या नावावर आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला हा तरुण वाघ. गळ्यात रेडिओ कॉलर, कागदोपत्री नाव टी१सी१. २०१९ च्या पावसाळ्याच्या तोंडावर निघाला, तेलंगणातून फिरून, हिंगोली, वाशीम करत, शेतं, कालवे, रस्ते ओलांडत, पाच महिन्यांत १३०० किलोमीटरहून जास्त चालून ज्ञानगंगेत येऊन पोचला. पुढं त्याला 'वॉकर' असं नावच पडलं. एवढं चालल्यावर त्याला तरी सुखानं राहू द्यावं की नाही? पण नाही. शास्त्रज्ञांनी लगेच विचारलं, हा का चालला? उत्तरं निघाली: हद्दीच्या शोधात, भक्ष्याच्या शोधात, जोडीदारणीच्या शोधात. म्हणजे वाघ झाला तरी आपल्याकडं 'असाच फिरतोय' हे उत्तर चालत नाही. त्याच्या बाबतीत एवढंच बरं, की "बसा मांगं" म्हणायला कुणी थांबलं नाही.

लोणारची गोष्ट वेगळी. तिथं फोटो हेच मंजूर कारण आहे. उल्का आदळून बेसॉल्टमध्ये झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, तळाशी खारट, अल्कधर्मी सरोवर. काठावर उभं राहिलं की पहिला शोध लागतो तो हा, की हे कुठल्याही लेन्समध्ये मावत नाही. मग लोक पाठ फिरवतात आणि स्वतःचा फोटो घेतात, तो मावतो. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं की हे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचं काम. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवराला रामसर दर्जा मिळाला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींत त्याची नोंद झाली. लोकांच्या लक्षात राहिला तो गुलाबी रंग. फेब्रुवारीत लांबून गाडी करून आलेलं कुटुंब हिरवट पाणी बघतं, मोबाइलमधल्या फोटोशी ताडून पाहतं आणि वाटाड्याला विचारतं, "गुलाबी किती वाजता होतं?" काठावरल्या झाडीत मोर ओरडत असतो, खाली कमळजा देवीचं मंदिर कोवळ्या उन्हात उभं असतं, गोमुखाची धार वाहत असते. त्यांतलं काहीच गुलाबी नसल्यामुळं गाडी पुढं शेगावला निघते.

गंमत म्हणजे आज जिल्ह्यात सगळ्यांत जास्त फोटो शेतकरी काढतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, तेव्हापासून सातबाऱ्यावर पिकाची नोंद व्हायची तर शेतकऱ्यानं आपल्या वावरात उभं राहून आपल्याच मोबाइलवर आपल्या पिकाचा फोटो घ्यायचा. पीक बुडालं तर भरपाईसाठीही फोटो हाताशी असलेला बरा. त्याला ना सोनेरी उजेड लागतो, ना ढगांचा भरीवपणा. त्याला लागते रेंज. ती लिंबाच्या झाडाखाली एका विशिष्ट ठिकाणी, उजवा हात वर केल्यावर येते. हा कलावंत भर बाराच्या उन्हात हरभऱ्याचा सरळ, स्पष्ट, कंटाळवाणा फोटो घेतो आणि त्यावर त्याचं वर्ष अवलंबून असतं. आमच्या सबंध आयुष्यातल्या एकाही फोटोवर कुणाचा आठवडासुद्धा अवलंबून नाही.

म्हणून अलीकडं मी धुऱ्यावर कुणी भेटलं की आधी कॅमेरा खाली ठेवतो. कुणीतरी तुराट्यांच्या जाळावर हरभऱ्याची डहाळी टाकून हुळा करत असतं, "घ्या ना घाटे" म्हणून हात पुढं होतो, तोंड काळं होतं आणि दोन्ही पक्ष बरोबरीला येतात. मग मागण्या सुरू होतात. बैलजोडीसोबत एक. नव्या ट्रॅक्टरवर, चाक पूर्ण दिसलं पाहिजे. आजीचा एक, पण थांबा, आजी लुगडं बदलून येते. आजी येते ती अशी ताठ बसते की मोजणीचा दगडही तिच्यापुढं सैल वाटावा. आत्ता हसत होती ती बाई फोटोत हसायला साफ नकार देते. "आधार कार्डावरल्यापरीस बरा काढजो बापा," एवढीच अट. छायाचित्रकाराकडून इतकी स्पष्ट, इतकी रास्त आणि इतकी सहज पुरी होणारी अपेक्षा जगात कुणी ठेवली नसेल.

या फोटोंत पळस मागं कुठंतरी येतो, पुसट. धुकं येत नाही, कारण लुगडं बदलेस्तोवर ते उडालेलं असतं. उजेड भलत्या बाजूनं असतो. स्पर्धेत यांतला एकही टिकणार नाही. पण गावात हेच फोटो भिंतीवर लागतात, आणि दिवाळीच्या झाडझुडीत उतरवून, पुसून, परत लावले जातात.

तेव्हा माघ-फाल्गुनात कॅमेरा घेऊन निघणाऱ्या मित्रांनो, जरूर निघा. सकाळी दहाच्या आत परत फिरा, नंतरचं ऊन फोटोला चालत नाही आणि माणसालाही नाही. ओलिताच्या सऱ्यांत पाय देऊ नका, ठिबकच्या नळ्या तुडवू नका, अभयारण्यात परवानगीशिवाय शिरू नका. ट्रायपॉड उभा करण्यापूर्वी वावराच्या मालकाला हाक मारा, रेल्वेचं आश्वासन चुकूनही देऊ नका. आणि कुणी फोटो मागितला तर तो काढून, शहरातल्या स्टुडिओत कागदावर छापून, त्याच्या घरी नेऊन द्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेला चालत नाही. आजीजवळ मोबाइल नसतो.